ब्रुनोचं फडकं

सायकलवर मनापासून प्रेम करणारी माणसं सायकलबद्दल लिहायला बसली की बहुतेक वेळा भलतंच काहीतरी लिहितात. वाऱ्याशी गप्पा, मोकळं आकाश, पंख फुटल्यासारखं वाटणं, स्वतःचा शोध. वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, यात सायकल कुठे गेली? पंख फुटले तर मग पेडल कोण मारतंय? बोपदेव घाटात मला कधीही पंख फुटल्यासारखं वाटलेलं नाही. तिथे मला दिसतो तो पुढच्या चाकासमोरचा दोन हात डांबरी रस्ता, त्यावरचं ठिगळ, ठिगळाच्या कडेला सुटलेली खडी. ऐकू येतो तो माझाच श्वास आणि चेनची कुरकुर. आणि तरी तो माझ्या आठवड्यातला सगळ्यात आनंदाचा तास असतो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते नीट सांगणारं पुस्तक किंवा सिनेमा मला हवा असतो. तो फार क्वचित मिळतो.

अशा क्वचित मिळालेल्या काही जागांबद्दल मला बोलायचंय, आणि हुकलेल्या काही जागांबद्दलही. एक डच कादंबरी, एक इटालियन सिनेमा, एक डॅनिश माहितीपट, सौदीतली एक मुलगी, आणि आपल्याकडचे दोन सिनेमे. यादी माझ्या आवडीची आहे, त्यामुळे 'अमुक कसं नाही' असं कुणी विचारू नये.

आधी भाषेची एक भानगड. मराठीत 'बाइक' म्हटलं की पेट्रोल लागतं. "बाइकने आले" असं मी ऑफिसात सांगितलं तर लोक हेल्मेट शोधतात. हेल्मेट माझ्याकडेही असतं, पण ते वेगळं. म्हणून आम्ही आपलं सायकलच म्हणतो, मग ती दुधाचे कॅन अडकवलेली असो की वाकड्या हँडलची, कार्बन फ्रेमची, लाखभर रुपयांची. मला हे आवडतं. वॉचमनकाका आणि रविवारी लायक्रा घालून निघालेला आयटीतला मुलगा एकाच शब्दात मावतात. रस्त्यावर ते एकमेकांकडे बघतही नाहीत, पण शब्दात तरी मावतात.

अडचण अशी की आपल्या लिखाणात या शब्दाला दोनच अर्थ उरलेत: गरिबी आणि आठवण. वडिलांची सायकल, तासावर भाड्याने आणलेली सायकल, नळीखालून पाय घालून शिकलेली सायकल. असा एखादा लेख दिवाळी अंकात दिसला की मी तो आवडीने वाचते. वाईट नसतात ते. पण त्यातला सायकल चालवणारा माणूस कायम दहा-बारा वर्षांचा असतो. मोठा झाला की तो स्कूटर घेतो आणि लेख संपतो. प्रौढ माणसाने, गरज नसताना, कुठेही पोचायचं नसताना, चार तास सायकल चालवणं आणि त्यात सुखी असणं या गोष्टीला आपल्याकडे वाक्यच नाही. ते नाही म्हणून मग पंख फुटतात.

टिम क्राबे या डच लेखकाच्या 'द रायडर'मध्ये पंख नाहीत. मूळ पुस्तक 'दे रेनर' या नावाने 1978 साली आलं. सॅम गॅरेट यांचं इंग्रजी भाषांतर 2002चं, आणि मी तेच वाचलंय. क्राबे बुद्धिबळातलाही तयारीचा खेळाडू, शिवाय रहस्यकथांचा लेखक. 'द व्हॅनिशिंग' हा अंगावर काटा आणणारा सिनेमा त्याच्याच कादंबरीवरून निघाला. पण 'द रायडर'मध्ये रहस्य काहीच नाही. एक शर्यत आहे. 26 जून 1977, दक्षिण फ्रान्समधली सेव्हेन डोंगररांग, तूर द माँ एग्वाल, 137 किलोमीटर. निवेदकाचं नाव टिम क्राबे. प्रकरणांच्या जागी किलोमीटरचे आकडे. शर्यत सुरू होते, पुस्तक सुरू होतं. शर्यत संपते, पुस्तक संपतं. दीडशेच्या आसपास पानं, एका बैठकीत होतात, आणि वाचून झाल्यावर मांड्या दुखतात असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

पहिल्याच पानावर तो सामान उतरवताना कॅफेत बसलेल्या लोकांकडे बघतो आणि त्याला त्यांची कीव येते. हे लोक शर्यतीत नाहीत, मग जगतात तरी कशाला! इतका उघड उद्धटपणा असलेला निवेदक मराठी ललित लेखात दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला नसता, संपादकाने त्याला नम्र करून टाकलं असतं. पण हा उद्धटपणा खोटा नाही. सकाळी सहाला सिंहगडाच्या पायथ्याशी कारच्या काचेआडून कुणी दयेने आपल्याकडे बघतं तेव्हा नेमकं हेच वाटतं, फक्त आपण ते लिहीत नाही.

मग चढ सुरू होतात. क्राबेला कळलेली मोठी गोष्ट ही की चढावर माणूस विचार करत नाही. सायकलवर चिंतन होतं, कल्पना सुचतात, हा गैरसमज सपाट रस्त्यावरच्या लोकांनी पसरवलाय. चढावर डोक्यात एखादा निरर्थक शब्द शिरतो आणि चक्कीसारखा फिरत राहतो. क्राबे तो शब्द तसाच कागदावर उतरवतो, त्याला अर्थ देण्याचा प्रयत्न करत नाही. माझ्या डोक्यात एकदा 'वांगी-बटाटा, वांगी-बटाटा' असं शिंदवणे घाट संपेपर्यंत चाललं होतं. त्या दिवशी घरी भेंडी होती. हे कुठल्याही सायकल-निबंधात येत नाही, कारण ते उदात्त नाही. पण मेंदूला इतकी पूर्ण सुट्टी मला दुसऱ्या कशानेच मिळत नाही, ध्यानाच्या ॲपने तर नाहीच.

आणि गिअर. या पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात खरा भाग गिअरबद्दलचा आहे. चढावर सगळ्यात हलका गिअर हाताशी असतो आणि क्राबे तो न वापरण्याच्या हट्टाला पेटतो. मागच्या फ्रीव्हीलवरची ती शेवटची चकती स्वच्छ राहिली पाहिजे, तिला चेनचं तेल लागता कामा नये, म्हणजे संध्याकाळी बघून सांगता येईल की आज मी शरण गेलो नाही. ज्याने सायकल चालवली नाही त्याला हा वेडेपणा वाटेल. ज्याने चालवली आहे तो हसेल, कारण त्याच्याही सायकलवर अशी एक चकती आहे. थोडं गणित सांगते, कारण यातला थरार गणितातच आहे. त्या काळातल्या शर्यतीच्या सायकलला पुढचं धाकटं चेनव्हील 42 दात्यांच्या आसपास असायचं. मागे 20 दाते धरले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेचार मीटर पुढे जाते. माझ्या सायकलला पुढे 34 आणि मागे 32 दात्यांची सोय आहे, एका फेऱ्यात सव्वादोन मीटर. म्हणजे त्याच चढावर ही माणसं प्रत्येक फेऱ्यात माझ्या दुप्पट अंतर ढकलत होती. त्या आकड्यात मला त्याच्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येतो. कुठल्याही उपमेने हे काम झालं नसतं.

म्हणूनच आकड्यांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'तुम्ही आजकालची मुलं, स्ट्राव्हा बंद केलं तर सायकल चालवाल का?' असं विचारणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. क्राबे स्ट्राव्हाच्या तीसेक वर्षं आधी आपल्या शर्यती मोजत होता, त्यांना क्रमांक देत होता, वेळा लिहून ठेवत होता. मोजणं हा आनंदाचा शत्रू नाही, तो आनंदाचाच एक अवयव आहे. फरक इतकाच की क्राबेचा आकडा एका वाक्यात बसतो आणि त्या वाक्याला चव येते, आमचा आकडा नकाशाच्या नारंगी रेषेखाली एकटा पडून राहतो. 62.4 किलोमीटर, त्याखाली बारा अंगठे. घाटात काय झालं ते कुणी विचारत नाही, आणि कुणी सांगतही नाही.

याच पुस्तकात एक किस्सा आहे. झाक आंकतिल, तूर द फ्रान्स पाच वेळा जिंकलेला. त्याच्याबद्दल त्याचा डच सहकारी आब गेल्डरमान्स सांगायचा की चढ आला की आंकतिल सायकलवरच्या जाळीतली पाण्याची बाटली काढून जर्सीच्या पाठच्या खिशात खुपसायचा. का? तर सायकल हलकी व्हावी म्हणून. बाटली गेली कुठे, तर त्याच्याच पाठीवर! एकूण वजन तितकंच. पण आंकतिलच्या हिशेबात माणूस वेगळा आणि सायकल वेगळी, आणि चढावर सायकलचं ओझं कमी केलं पाहिजे. क्राबे नंतर जुने फोटो काढून तपासतो. प्रत्येक फोटोत बाटली जाळीतच दिसते. यावर त्याचा निर्णय असा की गोष्ट खरी आहे, फोटो चुकीचे आहेत.

हा किस्सा मला फार आवडतो, आणि इथेच क्राबेशी माझं भांडणही सुरू होतं. बाटली काढून स्वतःच्या पाठीवर घेणं ही मला प्रेमाची खूण वाटते. तुझं ओझं मी घेतो, तू चढ. क्राबे मात्र हा किस्सा शर्यतीच्या मानसशास्त्राचा नमुना म्हणून सांगतो आणि पुढच्या चढाला लागतो. अख्ख्या पुस्तकात त्याला सायकलबद्दल ओलावा असा फारसा नाही. ती हत्यार आहे, त्याला पाय जोडलेत. प्रतिस्पर्ध्यांना चेहरे आहेत. एक तरुण रेलां आहे, तो दिवसभर दुसऱ्यांच्या चाकामागे हातभर अंतरावर चिकटून हवेचा रेटा चुकवतो आणि शेवटच्या धावेत क्राबेला हरवतो. त्या रेलांचा राग आपल्यालाही येतो. पण क्राबेची सायकल कशी होती, कुठे खरचटली होती? शर्यत संपल्यावर ती त्याने कुठे टेकवली? शर्यतीचं इतकं अचूक पुस्तक, आणि त्यातली सायकल मला आठवत नाही.

ती मला आठवते ती 1948 सालच्या एका पोराच्या हातात.

व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' बहुतेकांना माहीत असतो, निदान फिल्म क्लबात अर्धवट पाहिलेला असतो. युद्धानंतरचं रोम, बेकारी. आंतोनिओला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको मारिया पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. उरलेला सिनेमा म्हणजे आंतोनिओ आणि त्याचा मुलगा ब्रुनो यांनी रोमभर केलेला शोध. शिकवताना हा सिनेमा दारिद्र्याचा, व्यवस्थेचा, निओरिअलिझमचा म्हणून शिकवतात. सायकलवर 'फिदेस' असं नाव आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विश्वास, यावर तर किती पानं लिहून झाली असतील. सगळं बरोबर आहे. पण मला जो प्रसंग हलवतो तो चोरीच्या आधीचा आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

सकाळची वेळ. ब्रुनो फडकं घेऊन सायकल पुसतोय. आणि त्याच्या लक्षात येतं की पेडलला एक पोचा आलाय. गहाणवटीच्या दुकानात कुणीतरी आदळली असणार. तो वैतागतो. वडील म्हणतात, आधीचाच असेल. ब्रुनो ठाम असतो: आधीचा नाही. मी असतो तर तिथल्या तिथे बोललो असतो, असा त्याचा एकूण आव. वय असेल आठेक वर्षं.

बघा, घरात चादरी नाहीत. नोकरी आज सुरू व्हायची आहे. आणि या मुलाला पेडलवरच्या पोच्याचा राग आलाय. सायकल नोकरीचं साधन आहे, कुटुंबाचा आधार आहे, हे सगळं मोठ्या माणसांना ठाऊक आहे. ब्रुनोला ठाऊक आहे ती प्रत्यक्ष वस्तू, तिच्या अंगावरची प्रत्येक खूण. पुढचा सगळा सिनेमा आपल्याला जाळतो तो यामुळे, असं माझं म्हणणं आहे. बाजारात ते सुटे भाग धुंडाळत फिरतात, चाकं, फ्रेमी, घंट्या, पंप यांचे ढीगच्या ढीग, तेव्हा आपण एका कुटुंबाची भाकरी शोधत नसतो. आपण पोचा आलेलं पेडल शोधत असतो. आणि त्यानंतरचा छोटा तुकडा, बाप-लेक सायकलवर बसून गर्दीच्या रस्त्याने कामाला निघतात, त्यात दोघंही चक्क खूश आहेत. दे सिका त्यांना ते सुख देतो. गरजेपोटी सायकल चालवणाऱ्याला सायकलचा आनंद होत नसणार, हे त्याने गृहीत धरलेलं नाही.

आपण ते सर्रास धरतो. शौक म्हणून चालवणाऱ्याला आनंद, गरज म्हणून चालवणाऱ्याला कष्ट, अशी वाटणी करून टाकलेली असते. पहाटे हडपसरच्या पुलाखाली माझ्यासारखे दहा-बारा जण टेललॅम्प लुकलुकवत उभे असतात आणि शेजारून रात्रपाळी संपवून कुणी साध्या काळ्या सायकलवर जातं. आमच्यापैकी कुणाच्याही मनात येत नाही की त्या माणसालाही आत्ता उतार लागल्यावर बरं वाटलं असेल. पाय थांबवल्यावर फ्रीव्हीलची टिकटिक त्यालाही ऐकू येते. किंबहुना त्याचं फ्रीव्हील जास्त चांगलं वाजतं.

फडक्याकडे परत येते. योर्गन लेथ या डॅनिश दिग्दर्शकाचा 'अ संडे इन हेल' (1976) हा पॅरिस-रुबे शर्यतीवरचा माहितीपट. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरची ही शर्यत म्हणजे सायकलींचा छळ. त्या वर्षी मार्क डेमेयर जिंकला, पण लेथला त्याची घाई नाही. त्याचा सिनेमा सुरू होतो तो एका मेकॅनिकपासून. तो सायकल साफ करतोय. हळूहळू, अगदी जवळून. ब्रश, चेन, दाते. एखाद्या शस्त्रक्रियेसारखं किंवा पूजेसारखं म्हणावं, पण लेथ दोन्हींपैकी काहीच म्हणत नाही, फक्त बघत राहतो. आणि शेवटाकडे शर्यत संपलेले लोक रुबेच्या जुन्या शॉवरच्या खोल्यांमध्ये धुळीने माखलेली अंगं धूत उभे असतात. आधी सायकल धुतली, मग माणसं धुतली. मधल्या वेळात जे झालं त्याला इंग्रजीत नरक म्हणतात. क्राबेच्या पुस्तकात मला जे कमी पडलं होतं ते इथे पहिल्या काही मिनिटांतच मिळालं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. खंडेनवमी-दसऱ्याला आपल्या घरात हेच होतं. पत्र्याच्या डब्यात रॉकेल, जुना टूथब्रश, बनियनचं फडकं. आऱ्यांच्या मधून बोट घालून कडा पुसायची, मडगार्डच्या आतला चिखल काडीने काढायचा, मग हळदकुंकू आणि हँडलला झेंडूची माळ. इथे सायकलकडे बघायची एक रीत तयार आहे, हाताला माहीत असलेली. माझी सायकल निळी, सेकंडहँड, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची आहे, आणि दर दुसऱ्या रविवारी मी तिला बाल्कनीत उलटी करून चेन धुते. "स्वतःच्या केसांना एवढं तेल लाव कधी," असं आई म्हणते. धुताना कळतं की डाव्या क्रँकपाशी बारीक आवाज येतोय, मागच्या टायरमध्ये काचेचा कण रुतलाय, चाक किंचित आऊट झालंय. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका चाक फिरवून, आरे बोटाने छेडून आऊट काढतात. कुठला आरा ढिला आहे ते त्यांना आवाजावरून समजतं. हे सगळं आपल्या भाषेत आहे. 'आऊट काढणे' हा शब्दप्रयोग तर किती सुंदर आहे. फक्त ते साहित्यात येत नाही, कारण तिथे सायकल आली की लगेच बाबा येतात.

प्रकाश कुंटे दिग्दर्शित 'सायकल' (2018) या मराठी सिनेमाकडून म्हणूनच माझी मोठी अपेक्षा होती. कोकण, जुना काळ, केशव नावाचा ज्योतिषी आणि त्याची जिवापाड जपलेली, आजोबांकडून आलेली पिवळी सायकल. दोन चोर ती पळवतात. गावोगाव लोक सायकल ओळखतात, ही केशवची म्हणून चोरांचंच प्रेमाने स्वागत करतात, आणि त्या चांगुलपणाने चोर आतून हलायला लागतात. दे सिकाचा सांगाडा घेऊन उलट दिशेला नेलाय. तिकडे चोरी एका सज्जनाला चोर करते, इकडे सायकल चोरांना सज्जन करते. कल्पना खरोखर चांगली आहे. हृषीकेश जोशींचं काम संयत, भाऊ कदम आणि प्रियदर्शन जाधव यांची जोडी गोड, कोकण डोळे निववणारं. कुटुंबासोबत बघावा असा सिनेमा आहे आणि मी तो बघितलाही.

पण संपल्यावर मला केशवचा स्वभाव पाठ होता, सायकलचा नाही. ती चढाला जड जाते का? कुठला ब्रेक उशिरा लागतो? पावसात चेन गंजते तेव्हा केशव काय करतो? मला आठवतो तो पिवळा रंग आणि लोकांच्या डोळ्यांतला आदर. इथे सायकल म्हणजे केशवच्या चांगुलपणाचं प्रमाणपत्र झालीय, गावोगाव फिरून दाखवलं जाणारं. तिच्या जागी पिवळी छत्री ठेवली असती तरी कथा बरीचशी उभी राहिली असती. ब्रुनोच्या सायकलच्या जागी छत्री ठेवून बघा.

हिंदीत 'जो जीता वही सिकंदर' (1992) आहे. माझ्या आधीच्या पिढीने गिअरच्या सायकलीचं पहिलं स्वप्न तिथेच पाहिलं, असं आमच्या ग्रुपमधले पन्नाशीचे गृहस्थ शपथेवर सांगतात. मन्सूर खानने वर्गाचा प्रश्न सायकलीत आणला, श्रीमंत कॉलेज विरुद्ध 'पजामाछाप' मुलं, आणि तो छान आणला. पण शेवटच्या शर्यतीत, सगळ्या सिनेमाचा दाब जिथे एकवटलाय तिथे, दोन्ही नायक सायकली टाकून रस्त्यावर मारामारी करतात. नंतर उठतात, बसतात, आमिर खान जिंकतो, थिएटरात शिट्ट्या. मीही टीव्हीवर बघताना दरवेळी ओरडते. तरी खरं ते हेच की शर्यतीतला निर्णायक क्षण सायकलवर घडवण्याइतका भरवसा दिग्दर्शकाला सायकलवर नव्हता. क्राबेने 137 किलोमीटरमध्ये कुणालाही खाली उतरून ठोसा मारू दिलेला नाही, आणि ताण जराही कमी पडत नाही.

मुलींच्या बाबतीत गोष्ट अजूनच वेगळी होते. हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (2012) हा सौदी अरेबियातच संपूर्ण चित्रित झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दहा वर्षांच्या वज्दाला हिरवी सायकल हवीय. मुलींनी सायकल चालवायची नसते. ती पैशासाठी कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. उत्तम सिनेमा, आणि त्या मुलीचा खट्याळपणा विसरता येत नाही. तरीही हिशेब केला तर सायकल मिळवण्यात जवळजवळ सगळा सिनेमा जातो आणि ती मनसोक्त चालवायला शेवटची मिनिटं उरतात. हे अल-मन्सूर यांचं न्यून नाही. ज्या ठिकाणी सायकल मिळणंच लढाई आहे तिथे गोष्ट मिळण्याचीच होणार. फक्त आपल्याला त्याची सवय लागते. सायकलवरची मुलगी म्हणजे संदेश, असं डोक्यात बसतं.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्याबद्दलच्या बातम्यांमध्ये किलोमीटर असतात, हजेरी असते, गळतीचं प्रमाण असतं. सगळं महत्त्वाचं आहे, आणि त्यातलं काहीही कमी लेखायचा माझा इरादा नाही. पण सकाळी साडेसहाला चार मुली रस्ता अडवून शेजारी-शेजारी चालल्यात, एकीने हँडल सोडून हात वर केलेत, दुसरी तिला शिव्या घालतेय, दप्तर कॅरिअरवरून घसरतंय, आणि समोर उतार आहे. या उताराबद्दल कुणी त्यांना विचारलंय का? विचारलं तर त्या काय सांगतील, हे मला क्राबेच्या शर्यतीच्या निकालापेक्षा जास्त जाणून घ्यायचंय. त्यांच्यातल्या एखादीने ते लिहावं. कुठल्या वळणावर चेन पडते, कुणाच्या सायकलची सीट वर सरकत नाही, परतताना समोरून वारा येतो तेव्हा पुढे राहायची पाळी कुणाची असते. वाऱ्यात पाळीपाळीने पुढे राहायचं असतं हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षकाने सांगितलेलं नसणार, आणि तरी त्या ते करत असणार याची मला जवळपास खात्री आहे.

'वज्दा'च्या अखेरीस ती मुलगी सायकल दामटत गल्लीतून मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येते, थांबते, एक पाय खाली टेकवून दोन्ही बाजूंना बघते. समोरून गाड्या चाललेल्या. सिनेमा तिथे थांबतो. मला पुढची रीळ हवी आहे: ती रस्ता ओलांडते, उजव्या कडेने लागते, आणि तासाभराने तिच्या लक्षात येतं की सीट अर्धा इंच खाली आहे.